जुन्या गाडीच्या पट्ट्या आणि क्लिपा: आधी भोक वाचवा

प्रश्न गोव्यातल्या मांद्र्याहून आला आहे. वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन्ही बाजूंना दारांवरून जाणारी चकचकीत धातूची पट्टी आहे, पण आतल्या क्लिपा गंजून तुटल्यात. मागच्या दारावर पट्टी लोंबते आणि गाडी चालली की खडखडते. पुढच्या दारावर एका गॅरेजवाल्याने पट्टीतूनच आरपार स्क्रू मारून दिले, तर एकाच पावसाळ्यात त्या स्क्रूंखालून तांबड्या रेघा उतरल्या. आता विचारणं असं, की सगळीकडे स्टेनलेसचे स्क्रू मारले तर काम कायमचं होईल का? की भोकं बुजवून पट्टी टेपने चिकटवावी? आणि मुळात या क्लिपा आता मिळतात कुठे?

मी फोंड्यात बरीच वर्षं टिंकरिंगचं काम करतो आणि जुन्या गाड्या हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून आधी निर्णय सांगतो, मग कारणं. स्क्रू नकोत. भोकंही बुजवू नका. क्लिपाच लावा, पण क्लिप विकत घ्यायच्या आधी ज्या भोकात ती बसणार त्या भोकाचं काम करा. या सगळ्या प्रकारात क्लिप ही सगळ्यात स्वस्त आणि सहज बदलता येणारी वस्तू आहे. दाराचा पत्रा तसा नाही. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. धड अवस्थेतलं दार शोधायला लागलात तर महिने जातील. भोकाची कड खाल्ली गेली की उत्तमातली उत्तम क्लिपसुद्धा धरत नाही, आणि मग माणूस स्क्रूकडे वळतो. तुमच्या पुढच्या दाराचं नेमकं हेच झालं असणार.

मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात गंज इतका लवकर का धरतो हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. लोक पावसाला दोष देतात. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे खरं, पण पावसाचं पाणी निदान गोडं असतं आणि ते पत्रा धुऊनही काढतं. खरा त्रास पट्टीच्या मागे साचलेल्या मिठाचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, रस्त्यावरची तांबडी माती येते, आणि दोन्ही पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून पाझरायला लागतं. आपल्याकडे किनाऱ्यावर कोरड्या महिन्यांतही रात्री हवा तितकी दमट होते. म्हणजे जानेवारीत गाडी बाहेरून खडखडीत कोरडी दिसली तरी पट्टीच्या मागे ओल असते. त्यात प्रत्येक वेळी क्लिप भोकात दाबली की तिच्या पायांनी भोकाच्या कडेचा रंग थोडा खरवडला जातो. उघडा पत्रा, मीठ आणि न सुकणारी माती हे तिन्ही एका जागी आले की बाकी काही लागत नाही.

आता स्टेनलेसचा स्क्रू. स्क्रू स्वतः गंजत नाही, म्हणून लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पण स्टेनलेस आणि साधं पोलाद खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात झिजतो तो साधा पत्रा. पूर्ण दार काही खाल्लं जात नाही, रंग त्याला वाचवतो. पण स्क्रूच्या आट्यांनी जिथे रंग फाडलाय तेवढीच उघडी कड उरते, आणि सगळी झीज तिथेच एकवटते. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर आणखी वाईट. स्टेनलेसच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि पट्टीचं भोक मोठं होत जातं. शिवाय स्क्रूचं टोक दाराच्या आत जातं. तिथे खाली उतरणारी काच असते, ती वरखाली करणारी यंत्रणा असते. लांब स्क्रूने काचेवर उभा ओरखडा काढलेला मी पाहिलाय.

स्टेनलेस स्क्रूला मी सरसकट वाईट म्हणत नाही. चौकोनी भोकात नायलॉनचं ग्रोमेट, म्हणजे स्क्रू धरणारं पोकळ बूच, दाबून बसवायचं आणि त्या ग्रोमेटमध्ये स्क्रू फिरवायचा, ही पद्धत चांगलीच आहे, कारण स्क्रू पत्र्याला शिवतच नाही. नंबर प्लेट, चाकाच्या कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण, मडफ्लॅप अशा जागी मी स्वतः असंच करतो, डोक्याखाली रबरी वॉशर घालून. पण दारावरच्या पट्टीला ही पद्धत लागू नाही. तिथे पट्टीच्या दर्शनी बाजूला भोक पाडावं लागतं, आणि एकदा पाडलं की ते कायमचं.

काम सुरू करायचं ते तुळशीच्या लग्नानंतर. दिवाळीच्या आधी हात घालू नका. दाराच्या आत अजून ओल असते आणि प्रायमर ओलीवर बसत नाही. तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. मे महिन्यातही चालतं, पण सावलीत. उन्हात पत्रा इतका तापतो की प्रायमर नीट पसरायच्या आतच ओढला जातो.

पट्टी काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. एका टोकाला धरून ओढली की पट्टी दुमडते. स्टेनलेसची पट्टी चांगला कारागीर कशीबशी सरळ करील, ॲल्युमिनियमची दुमड मात्र जात नाही. पट्टी कशाची आहे हे लोहचुंबकाने ठरवू नका. गाड्यांच्या पट्ट्यांना वापरलं जाणारं स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं असतं, त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे साधं लोखंड, असं होत नाही. हलकी असेल आणि मागच्या बाजूला पांढरी भुकटी असेल तर ॲल्युमिनियम. चकचकीत थराखालून तांबडे ठिपके फुटले असतील तर क्रोम चढवलेलं लोखंड.

पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. प्लॅस्टिकची रुंद पट्टी किंवा तासून चपटी केलेली बांबूची पाचर घ्या. टॉर्च तिरकी धरून पट्टीच्या मागे पाहिलं की क्लिप कुठे आहे ते दिसतं. पाचर क्लिपच्या अगदी शेजारी घाला, मधल्या मोकळ्या जागेत नको, आणि थोडी थोडी उचलत पुढच्या क्लिपकडे जा. त्या काळच्या धातूच्या पट्ट्या बहुतेक वेळा वरची कड क्लिपेवर अडकवून खालची कड दाबून बसवलेल्या असतात, म्हणून सुटताना खालून सुटतात. काही पट्ट्या मात्र टोकाला बोल्ट-नटने धरलेल्या असतात आणि तो नट दाराच्या आतून असतो. पट्टी टोकाला हटूनच बसली असेल तर जोर लावू नका. दाराचं आतलं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढा आणि नट सोडवा. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो न फाडता काढा आणि काम झालं की परत चिकटवा. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतच असतं. ते आतल्या पॅडपर्यंत पोचू न देणं हे त्या कागदाचं काम.

ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातल्या किंवा नंतरच्या गाड्या आहेत, त्यांची प्लॅस्टिकची पट्टी बऱ्याचदा फोमच्या टेपने चिकटवलेली असते आणि टोकांना फक्त एकेक क्लिप असते. तिथे पाचर चालत नाही. हेअर ड्रायरने पट्टी गरम करा आणि मासे गरवायची तंगूस मागे घालून करवतीसारखी पुढेमागे ओढा. टेप कापली जाते आणि रंगाला धक्का लागत नाही. बंपरला आणि चाकाच्या आवरणाला जी गोल प्लॅस्टिकची बटणं असतात, त्यांच्या मधल्या खिळ्याकडे आधी नीट बघा. काहींचा खिळा किंचित आत दाबला की बटण सुटतं, काहींचा वर उचलावा लागतो. उचलायच्या जातीचा खिळा दाबलात तर तो आत पडून जाईल, नाहीतर बटण आणखी घट्ट होईल.

आता मुख्य गोष्ट, भोक. पट्टी निघाली की प्रथम गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने तिथली माती धुऊन काढा. जुन्या क्लिपांचे आतले तुकडे सहज बाहेर आले तर काढा. दारातच पडले असतील तर पॅड काढून गोळा करा. तिथे सोडू नका, नाहीतर ते दाराच्या तळाशी जाऊन पाणी निघायची भोकं अडवतात. दार पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवा. रंग टणक लागला आणि नख सरळ फिरलं तर भोक निरोगी. नखाखाली रंगाचा पापुद्रा उचलला गेला तर गंज तिथवर पोचलाय. जिथे रंग पुन्हा घट्ट धरून बसलाय तिथपर्यंत तो काढावाच लागेल. पापुद्र्याखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सुटत असतील किंवा कड बोटाने दबत असेल, तर ते काम घरचं नाही. तिथे नवा पत्रा जोडून भोक पुन्हा पाडून घ्यावं लागेल.

गंज वरवरचा असेल तर पॉलिश पेपर बोटभर गुंडाळून भोकाची कड आतून घासा. गोल कानस वापरायची असेल तर फार हलक्या हाताने, कारण भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठं झालं तरी क्लिप सैल होते. मागची बाजू विसरू नका. गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो आणि आतल्या बाजूला कारखान्यातला रंगही पातळ असतो. पॅड काढलेलंच असेल तर आतूनही घासा. पत्र्याच्या खोल खळग्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज निष्क्रिय करणारं द्रावण, लावा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ थांबा, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात. बारीक ब्रशने भोकाच्या कडेची जाडीसुद्धा रंगली पाहिजे. हीच जागा सगळे विसरतात. पूर्ण वाळल्यावर वरून गाडीचा रंग. यात दोन दिवस जातात. जाऊ द्यात.

मग दाराच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारा, बारीक नळी भोकातून आत घालून. जळकं इंजिन ऑइल मारू नका. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला जळकं ऑइल फासायची पद्धत आपल्याकडे अजून आहे आणि मला ती कधीच पटली नाही. त्या तेलात इंजिनमधली आम्लं असतात, काचेच्या खाचेतलं रबर ते फुगवतं आणि नंतर त्या जागी ना रंग धरत ना टेप. वॅक्स मारायच्या आधी दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. ती तुंबली असतील तर वरचं सगळं काम वाया जाईल.

क्लिप निवडताना जुन्या क्लिपचं माप घेऊ नका, ती झिजलेली असते. भोकाचं माप घ्या. व्हर्नियर नसेल तर ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून पाहा. जी नेमकी बसते तिचा आकडा हेच भोकाचं माप. दुसरं माप पट्टीच्या मागच्या दोन दुमडींमधल्या आतल्या अंतराचं, कारण क्लिपचं डोकं तिथे अडकणार. तिसरं, पट्टी बसल्यावर पत्रा आणि पट्टी यांच्यात किती अंतर राहतं ते. ही तीन मापं आणि नमुन्याला एक न तुटलेली क्लिप जवळ असली की दुकानदाराला गाडीचं नावसुद्धा सांगावं लागत नाही. प्रत्येक दाराच्या क्लिपा वेगळ्या पिशवीत, वर दाराचं नाव लिहून ठेवा. पुढच्या आणि मागच्या दारांची मापं सारखीच असतील असं धरून चालू नका.

मूळच्या क्लिपा स्प्रिंग पोलादाच्या असल्या तरी किनाऱ्यावरच्या गाडीला मी नायलॉनच्याच लावतो, माप जुळत असेल तर. त्या गंजत नाहीत आणि कडेचा रंग कमी खरवडतात. त्यांचा दोष असा, की उन्हाने काही वर्षांत कडक होतात आणि पुढच्या वेळी काढताना तुटतात. तुटू द्यात, त्या तुटण्यासाठीच आहेत. नव्या नायलॉनच्या क्लिपा बसवायच्या आधी दहाएक मिनिटं कढत पाण्यात ठेवा. नायलॉन पाणी पितं आणि लवचिक होतं. कोरडी करकरीत क्लिप दाबली तर तिचे काटे भोकातच मोडतात. पोलादाचीच लावायची वेळ आली तर तिच्या पायांना वॅक्सचा हात देऊन बसवा. क्लिप कुठलीही असो, तिच्या मानेभोवती ब्यूटाईल रबराचं (मऊ, चिकट सीलिंगचं रबर) बारीक वळं घाला, म्हणजे क्लिप दाबली गेली की भोक सीलबंद होतं. इथे लोक हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन भरतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, त्याने उघडा पत्रा गंजतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे कधी रंग मारायचा म्हटलं तर रंग फाटतो.

बसवताना आधी सगळ्या क्लिपा भोकांत घाला, मग पट्टीची वरची कड सगळ्या क्लिपांवर एका ओळीत अडकवा, आणि पुढच्या टोकाकडून मागे जात प्रत्येक क्लिपवर तळहाताने दाबा. क्लिप बसली की 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो आणि तळहाताला तो जाणवतोही. आवाज आला नाही तर ठोकू नका. पट्टी उचला आणि क्लिप तिरकी झालीय का ते पाहा.

टेपबद्दल. चांगली ॲक्रिलिक फोम टेप धातूची पट्टी धरते यात शंका नाही. पण तुम्ही म्हणता तशी भोकं बुजवून टेपवर जायचं तर ती वेल्डिंगनेच बुजवावी लागतील, आणि दाराच्या मोठ्या सपाट पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता बसली की पत्रा लाटेसारखा वाकतो. पुट्टीने बुजवलेलं भोक काही पावसाळ्यांत फुगून वर येतं, कारण पुट्टी पाणी शोषते. शिवाय टेपची पट्टी मागून धुता येत नाही. माझं मत असं, की ज्या एखाद-दुसऱ्या भोकात क्लिप बसणं शक्यच नाही, तेवढ्या जागी बाकीच्या क्लिपांच्या जोडीला टेपचा तुकडा द्यावा. भोक मात्र इपॉक्सीने रंगवून, रबरी बूच बसवून बंद करायचं. टेप लावायच्या आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून चिकटवा आणि तीन दिवस गाडी धुऊ नका; पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात.

क्लिपा कुठे मिळतील? म्हापशात, मडगावात जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत नमुना दाखवून पाहा. कितीतरी क्लिपा वेगवेगळ्या गाड्यांना सारख्याच चालतात. नाही मिळाल्या तर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात. पद्मिनी मुंबईची टॅक्सी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे तिचं सामान अजूनही तिकडेच जास्त सापडतं. लागतात त्यापेक्षा निम्म्या जास्त घ्या. थ्रीडी प्रिंटरवर करून देतो असं कोणी म्हणालं तर आधी विचारा कशाच्या. पीएलए नावाचं जे प्लॅस्टिक सर्रास वापरतात ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा तितका सहज तापतो. नायलॉनच्या असतील तर हरकत नाही.

राहिलं पुढचं दार, ज्यात स्क्रू मारलेत. ते स्क्रू काढताना काच पूर्ण वर ठेवा आणि काम संपेपर्यंत खाली घेऊ नका. गंजून अडकलेला स्क्रू ताकदीने फिरवू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा; तरीही नाही सुटला तर डोकं ड्रिलने काढा आणि लोखंडाचा चुरा दारातून ओल्या फडक्याने टिपून घ्या. तो चुरा आत राहिला तर तिथूनच नवा गंज धरतो. पत्र्यातली ती जादा भोकं घासून, रंगवून, बूच घालून बंद करा, वर पट्टी येणार असल्याने ती दिसणार नाहीत. पट्टीतली भोकं मात्र दिसतील. पट्टी स्टेनलेसची असेल तर बारीक टिग वेल्डिंग करणाऱ्याकडून भरून घासून घ्या, पॉलिश केल्यावर शोधावी लागतात. ॲल्युमिनियमची असेल तर पातळ पत्र्यावर ते काम क्वचितच नीट होतं. मग दुसरी पट्टी शोधा, आणि ती मिळेपर्यंत आहे तीच पट्टी नव्या क्लिपांवर बसवून ठेवा.